चांद्याची झूल

पुरुषाने मशीनवर भरतकाम करू नये, असं कुठल्याही शासन निर्णयात म्हटलेलं नाही. मी उभं आयुष्य लातूरच्या जिल्हा परिषदेत काढलंय, वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालोय, तेव्हा शासन निर्णयांच्या बाबतीत माझा शब्द खुशाल प्रमाण धरा. तरीही यंदा उन्हाळ्यापासून पोळ्यापर्यंत आमच्या औसा रोडच्या कॉलनीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने लाच घेताना सापडलेल्या माणसाकडेही कुणी पाहत नाही. त्याला निदान चहा तरी विचारतात.

माझं मागणं फार नव्हतं. मला एका बैलासाठी एक झूल करायची होती. झूल म्हणजे पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ते नक्षीचं कापड. हे समजावून सांगायची वेळ यावी याचंच मला वाईट वाटतं, पण आमच्या कॉलनीत तेही सांगावं लागलं.

बैल माझा नाही, अण्णाचा. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ बसलिंगप्पा. देवणीजवळच्या आमच्या गावी तो आणि सिद्धम्मा वहिनी राहतात. मूलबाळ नाही. गोठ्यात देवणी जातीची जोडी, नंद्या आणि चांद्या. चैत्रात नंद्या गेला. म्हातारा होऊन गेला, उपचारात कसूर झाली नाही, पण गेला. आम्हा लिंगायतांत बैल म्हणजे बसवण्णा. त्याला शेतातच खड्डा घेतला, विभूती लावली, बेलाची पानं वाहिली. आमच्या आईनं हातानं शिवलेल्या दोन झुली होत्या, दोघांच्या दोन. अण्णानं दोन्ही नंद्याच्या अंगावर घातल्या. कुणीतरी म्हणालं, "एक ठिवा की अण्णा, चांद्याला व्हईल." अण्णा म्हणाला, "जोड कशाला मोडू?"

मी त्या दिवशी गावी होतो आणि मला काहीही काम नव्हतं. कुणी खोदत होतं, कुणी मीठ आणत होतं, बाया पाणी आणत होत्या. मी फावड्याला हात घातला तर एकाने ते हळूच काढून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, तुमी सावलीला बसा." मी सावलीला बसलो. माझा भाऊ समोर लहान पोरासारखा रडत होता, आणि त्याच्यात नि माझ्यात काम करणाऱ्या माणसांची एवढी गर्दी होती की मला त्याच्यापर्यंत जाताही आलं नाही. अख्ख्या शिवारात रिकाम्या हाताचा मी एकटा होतो.

त्यानंतर अण्णा बोलायचाच थांबला. आधी तो रोज सकाळी फोन करायचा. कुणाच्या बांधावरून कुणाचं भांडण झालं, कुणाची सून परत आली, नंद्यानं रात्री दावं कसं तोडलं, सगळं ऐकवायचा. मी कंटाळून फोन टेबलावर ठेवून दाढी करायचो, तरी तो बोलत असायचा. आता मीच फोन लावायचो आणि पलीकडून उत्तरं यायची: "हाव." "हाय." "ठिवू का?" एवढ्यात संपलं. शेवटी मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "भावजी, ह्या साली पोळा करायचाच न्हाई म्हणून राहिलेत. एकल्या बैलाचा कसला पोळा, म्हणतेत. मानूस पन जेवत न्हाई अन् बैल पन. दोगं एकमेकाकडं बगत बसतेत."

मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी काहीतरी बोलून बसतो. मी म्हणालो, "वहिनी, पोळा होणार. चांद्याला झूल मी करतो. माझ्या हातानं."

 मग वहिनी म्हणाल्या, "तुमी?"

तो 'तुमी' मला लागला. नोकरीत माझ्यावर चौकशा बसल्या, तेव्हाही मला एवढं लागलं नव्हतं.

शिवगंगा, माझी बायको, हे ऐकून म्हणाली, "अहो, गोलाईच्या बाजारात रेडीमेड झुली मिळतात की. चमकीच्या." त्या मी पाहिल्या होत्या. गुलाबी मखमल आणि त्यावर बैलापेक्षा मालकाचंच कौतुक लिहिलेलं. अण्णानं तसली झूल दारातून आत येऊ दिली नसती. आणि विकत आणून देणं म्हणजे पुन्हा सावलीला बसणंच की. मी समोरच्या खोलीतल्या तिच्या मशीनकडे पाहिलं. ही मशीन तिच्या माहेराहून आलेली. क्रोशाच्या आच्छादनाखाली ती जी बसलीय, तिला मी आजवर फक्त पेपर ठेवायला वापरलं होतं. शिवगंगेनं माझी नजर ओळखली. "माझ्या मशीनला हात लावायचा असेल तर शिकून या. मला नाही ते भरतकाम येत, आणि आलं असतं तरी तुम्हाला शिकवलं नसतं. आपला संसार नीट चाललाय."

म्हणून मी वर्ग शोधला. एका संस्थेचा, सरकारी योजनेतला मोफत मशीन एम्ब्रॉयडरीचा वर्ग जवळच होता. शिकवणाऱ्या विशाखाताई, वयाने माझ्या मुलीएवढ्या, गळ्यात टेप, नजर आमच्या जुन्या लेखाधिकाऱ्यांची. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, मला काही अडचण न्हाई. पण कॉम्प्युटर घेत न्हाई." वर्ग महिलांसाठी होता, आणि स्त्री की पुरुष विचारणाऱ्या चौकटीत एकच पर्याय होता. मी सविस्तर अर्ज दिला. अर्जात सदर चौकट समतेच्या तत्त्वाशी विसंगत असल्याकडे लक्ष वेधलं, आणि विनंतीला मान देऊन उपकृत करावे असं लिहिलं. विशाखाताईंनी तो अर्ज दुमडून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. टेबल हलायचं थांबलं, हे मान्य करायला हवं.

मार्ग काढला तो शेजारच्या रामकिशन गुरुजींनी. गुरुजी मूळचे कंधारचे, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आणि सल्ला देण्यातून मात्र अजून निवृत्त न झालेले. ते म्हणाले, "वहिनींच्या नावानं नोंद करा अन् बसा तुम्ही. सरकारला नाव लागतं, मानूस न्हाई लागत." मी आयुष्यभर ज्या व्यवस्थेची सेवा केली तिच्याबद्दल असं ऐकून घेणं जड गेलं, पण त्यांचं खरं होतं.

फक्त हजेरी अंगठ्याची होती. त्यामुळे शिवगंगेला रोज स्कूटरवर मागे बसवून न्यावं लागे. ती यंत्रावर अंगठा द्यायची, वर्गातल्या सगळ्याजणींची विचारपूस करायची, माझ्याकडे एकदा दया आल्यासारखं पाहायची आणि भाजी आणायला निघून जायची. सरकारदरबारी ती भरतकाम शिकत होती आणि मी कुठेच नव्हतो.

आता भरतकामाविषयी. लांबून ते फार सोपं दिसतं. कापड दाबून धरणारा मशीनचा फूट काढून ठेवायचा, कापड पुढे ओढणारे दात खाली पाडायचे, कापड रिंगमध्ये ताणून बसवायचं, आणि ती रिंग दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायची. सुई जागच्या जागी खालीवर होत राहते, चित्र आपण हलवायचं. म्हणजे पेन एका जागी धरून कागद फिरवत सही करायची. मी आयुष्यात असंख्य सह्या केल्या आहेत, म्हणून मला वाटलं की जमेल. माझी पहिली पाकळी वांग्यासारखी झाली. दुसरी किडक्या वांग्यासारखी. कापड उलटं करून पाहिलं तर खालच्या बाजूला दोऱ्याचा एवढा मोठा गुंता, की बॉबिन त्यात सापडेना. बाजूच्या मशीनवर बसणारी पुनम, औशाकडच्या खेड्यातली, लेकरू सासूकडे ठेवून येणारी, तिला माझी कीव आली. "काका, रिंग येवढी आवळून धरू नका. भाकर थापताना फिरवतो न्हाई का, तशी फिरवा."

अडचण अशी की मी भाकरी कधीच थापली नव्हती. म्हणून त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो आणि शिवगंगेला म्हणालो, मला भाकरी शिकव. ती आधी हसली, मग माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं, आणि मग परातीसमोर मला बसवलं. पुढचे काही दिवस आमच्याकडे जेवायला जे होतं त्याला भाकरी म्हणणं ज्वारीवर अन्याय होईल. एक भाकरी हुबेहूब लातूर जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली, औशाच्या बाजूला जरा करपलेली. मी ती रामकिशन गुरुजींना दाखवायला नेली. ते म्हणाले, "उदगीर बरूबर आलंय. निलंगा थोडा आत घ्या." पण गंमत सांगतो, पीठ फिरवता फिरवता हात सैल झाले. पुढच्या आठवड्यात माझ्या रिंगमध्ये पहिलं पान उमटलं. ते पान आहे हे पुनमने न सांगता ओळखलं.

त्या आनंदात सुई माझ्या बोटात गेली. अगदी नखातून. मी ओरडलो नाही, असं मी घरी सांगितलंय. विशाखाताईंनी शांतपणे चाक उलटं फिरवून सुई वर घेतली, बोटाला चिंधी बांधली आणि म्हणाल्या, "झालं, काका. आता तुमी आमच्यातले. हितं बसलेल्या एकेकीचं बोट बगा." सगळ्याजणींनी आपापली बोटं वर केली. खरंच प्रत्येकीच्या नखावर खूण होती. निवृत्तीनंतर मला कुणी आपल्यात घेतल्याचा तो पहिलाच प्रसंग. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुखण्याचं आहे असं मी सगळ्यांना समजू दिलं.

मग तपासणी आली. वरून कुणी अधिकारी येणार, एवढंच कळलं होतं, आणि ते सांगितलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच दारात उभे राहिले. विशाखाताईंनी मला डोळ्यांनी मागच्या दाराने जायची खूण केली. मी चटकन उठलो. माझ्याबरोबर रिंगही उठली. रिंगमध्ये झुलीचं कापड होतं, आणि झुलीच्या कापडाबरोबर मी माझ्या नेहरू शर्टाचा घोळ भक्कम शिवून टाकला होता, मध्ये एका सूर्यफुलासकट. मी मशीनला बांधला गेलो होतो. तेवढ्यात साहेब आत आले. तो आमच्या कार्यालयातला जुना कनिष्ठ होता. त्याच्या टिपण्या मी तांबड्या शाईने दुरुस्त करायचो. तो थबकला. "गुरुलिंग साहेब? तुम्ही इथं?"

मी म्हणालो, "मिसेसना सोडायला आलो होतो."

"मग बसा की, उभे का?"

मला धड बसताही येत नव्हतं आणि उभंही राहता येत नव्हतं. मी ओणवा होतो. त्याने माझ्या शर्टाकडे पाहिलं, रिंगकडे पाहिलं, सूर्यफुलाकडे पाहिलं. तो चांगल्या घरचा मुलगा, त्याने नजर वर नेऊन पंख्याची चौकशी केली. जाताना शेऱ्यात त्याने लिहिलं की श्रीमती शिवगंगा यांची प्रगती समाधानकारक आहे. नोकरीत मला इतका चांगला शेरा कधी मिळाला नव्हता, आणि मिळाला तोही बायकोच्या नावाने. शर्ट कापून मला सोडवण्यात आलं. ते सूर्यफूल मात्र इतकं सुरेख आलं होतं की मी ते उसवू दिलं नाही, शर्टाच्या तुकड्यासकट झुलीत ठेवलं.

शेवटी शिवगंगेला आपली मशीन मला द्यावी लागली. आता कापड मोठं झालं होतं, वर्गातल्या टेबलावर मावेना. जाड, तांबडं कापड, कडेने पिवळी वेल, मधोमध सूर्यफूल आणि चार कोपऱ्यांत आरसे. शिवगंगा मला अडवत नव्हती, मदतही करत नव्हती. पण एकदा दुपारी मी झोपेतून उठून पाहिलं, तर ती चष्मा लावून माझ्या वेलीचे सुटलेले दोरे मागून गाठी मारत होती. मला पाहून म्हणाली, "घरात केर होतो म्हणून करतेय."

मापं वहिनींनी कळवली होती. मी त्यांना फोन करून सांगितलं होतं की अण्णाला कळू न देता चांद्याची पाठ मोजा. त्यांनी दाव्यानं मोजली आणि वितीत सांगितली. आता वहिनींची वीत केवढी, हा प्रश्न राहिला. झूल बसते की नाही हे पाहायला बैल हवा, आणि कॉलनीत बैल नाही. रामकिशन गुरुजींनी विचार करून सांगितलं की आकाराचा विचार करता त्यांची छोटी मोटार ही बैलाला सर्वांत जवळची आहे. मग आम्ही दोघांनी भर दुपारी झूल मोटारीवर टाकली. पुढे काचेवर वेल लोंबत होती, मागे आरसा. गुरुजी दोन पावलं मागे जाऊन म्हणाले, "शोभून दिसतंय. फक्त शिंगं न्हाईत." कुणीतरी त्याचा फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तिघांनी असं कव्हर कुठे मिळतं म्हणून विचारलं, आणि एका ताईंनी आपल्या नव्या गाडीसाठी जांभळ्या रंगात ऑर्डर नोंदवली. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की ही बसवण्णाची झूल आहे. त्या म्हणाल्या, "हो, तोच ब्रँड."

मी झूल वर्गात नेली. सगळ्याजणी उठून आल्या, सगळ्यांनी हात फिरवला. विशाखाताई माझ्या टाक्यांवर बोट ठेवून काहीतरी बोलणार होत्या आणि त्यांनी ते न बोलायचं ठरवलं, हे मला दिसलं. तेवढ्यात पुनम म्हणाली, "काका, वशिंड कुठून जाणार?"

मी विचारलं, "कसलं वशिंड?"

 मी कंसात नव्हे, उघड सांगतो: बैलाला खांद्यावर वशिंड असतं, हे मी विसरलो होतो. ज्या जनावरांच्या वशिंडाला धरून मी शाळेत गेलो, त्यांचं वशिंड मी विसरलो. मोटारीला ते नसतं, त्यामुळे मोटारीवर आठवायचा प्रश्नच आला नाही. बायका हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पुनमने खडूने जागा आखून दिली. जागा बरोबर सूर्यफुलावर आली. मी कात्री हातात घेतली आणि माझ्या हातून जमलेलं एकमेव धड फूल गोल कापून काढलं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. फुलासाठी एवढं नाही. मी किती लांब गेलो होतो ते मला त्या भोकातून दिसलं.

कड शिवून घेतली. पोळा जवळ आला तसा मी वहिनींना फोन करून सांगितलं की मी खांदेमळणीच्या दिवशी येतोय, अण्णाला बोलू नका. वहिनी म्हणाल्या, "या की. पन भावजी, लई राबू नका हो." मी म्हणालो, राबणं संपलं, आता फक्त घालायची. त्या आणखी काहीतरी बोलणार असं वाटलं, मग म्हणाल्या, "या तुमी." मला वाटलं, आवाज रेंजमुळे तसा येतोय.

खांदेमळणी म्हणजे पोळ्याची आदली संध्याकाळ. वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे त्या दिवशी हळद-लोण्याने मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. एसटीत मी झूल मांडीवर घेऊन बसलो होतो. उदगीरचं तिकीट काढलेल्या शेजारच्या माणसाला मी तिची सगळी हकीकत सांगितली. तो उदगीरच्या आधीच उतरला, पण मला खात्री आहे की त्याचं तिथेच काम असणार.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वहिनी अंगणात होत्या. त्यांनी माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि पदर तोंडाला लावला. मी विचारलं, "अण्णा?" त्यांनी गोठ्याकडे हात केला.

गोठ्यात अण्णा दगडावर बसला होता. गोठा झाडून, सारवून स्वच्छ होता. दावणीला काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "चांद्या पाण्यावर गेलाय?"

अण्णानं पायाजवळची एक काडी उचलून गोठ्याबाहेर टाकली. मग म्हणाला, "दिला."

"दिला म्हणजे? कुणाला?"

"मुरुडला एकाची जोड मोडली होती. त्याचा पन एक मेला, अन् दुसरा असाच मान टाकून उभा ऱ्हायचा. मला बाजारात कुनीतरी सांगितलं. मी चांद्याला घिऊन गेलो." अण्णा जमिनीकडे पाहून बोलत होता, पण कित्येक महिन्यांनी बोलत होता. "पयल्या दिवशी दोगं लांब लांब उभे. दुसऱ्या दिवशी त्या बैलाला यानं चाटलं. मग चांद्यानं पानी पिलं. मी बगूनच आलो. हितं माझ्याजवळ ऱ्हाऊन मेला असता बग त्यो. मानूस जोडीला चालत न्हाई बैलाला."

"मला सांगायचंस तरी, अण्णा."

"ही म्हनली, तू कायतरी करून राहिलास त्याच्यासाठी. मग सांगवंना."

मी पिशवीतून झूल काढली. आता ती काढून काय करायचं हे मला कळत नव्हतं, पण हातात धरून ठेवणंही होईना. अण्णानं ती मांडीवर पसरली. वांग्यासारखी पानं, तिरकी वेल, मागचे गुंते, सगळ्यावरून त्याचा हात हळूहळू फिरला. भोकापाशी थांबला.

"हे वशिंडाला?"

"हाव."

"लई मागं आलं." तो थोडं हसला. "चांद्याचं हितं न्हाई यायचं." मग म्हणाला, "तू शिवली?"

"हाव."

"मशीनवर?"

"हाव."

त्याने पुन्हा हात फिरवला. आईच्या झुलींवरून फिरवायचा तसाच फिरवला, आणि मला हुंदका आवरेना. मी म्हणालो, "अण्णा, मला काहीच जमलं नाही रे. उशीर झाला."  झूल त्याने नीट घडी करून रिकाम्या दावणीवर ठेवली.

बाहेर गावभर घुंगरांचा आवाज सुरू झाला होता. शेजारच्या गोठ्यातून माणसांची बोलणी ऐकू येत होती, कुणाचा तरी बैल खांदा मळताना अंग चोरत होता आणि त्याला दटावत होते. वहिनी आत आल्या. त्यांच्या हातात वाटी होती, हळद आणि लोणी कालवलेलं, सोबत पळसाचं पान. अण्णानं वर पाहिलं. "हे कशाला कालवलीस?"

वहिनी म्हणाल्या, "सकाळपासून ठरवलं हुतं, न्हाई कालवायचं म्हनून. हात गेला." आणि त्या वाटी दगडावर ठेवून तिथेच भिंतीला टेकून बसल्या. आम्ही तिघंही त्या वाटीकडे पाहत राहिलो. मी डोळे पुसायला हात वर केला आणि कण्हलो. एवढे महिने मशीनवर वाकून माझे दोन्ही खांदे धरले होते. लातूरला कुणाला सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर कॉलनीने त्यावरही सल्ले दिले असते.

"काय झालं?" अण्णानं विचारलं.

"काही नाही. खांदे."

अण्णा माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सदरा काढ."

"अण्णा, अरे..."

"काढ म्हंतो."

मी वरिष्ठ सहायक, निवृत्त, सदरा काढून रिकाम्या गोठ्यात उकिडवा बसलो. अण्णा मागे आला. त्याने वाटीत बोटं बुडवली आणि माझ्या खांद्यांना हळद-लोणी लावलं. आधी उजव्या, मग डाव्या. बैलाचे मळतात तसेच, मानेपासून खाली, जोर लावून, जू बसतं त्या जागी जास्त वेळ.  त्याचे अश्रू माझ्या पाठीवर पडत होते, ते मला कळत होतं आणि मी वळून पाहिलं नाही. वहिनी भिंतीला टेकून रडत होत्या.

मळून झाल्यावर अण्णानं पळसाचं पान माझ्या खांद्याला लावलं, माझ्या कानाजवळ वाकला आणि दर वर्षी म्हणतो ते म्हणाला:

"आज आवतन घ्या. उद्या जेवायला या."

बैल याला काही उत्तर देत नाहीत. मीही दिलं नाही, नुसती मान हलवली. मग अण्णा वहिनींना म्हणाला, "पुरन घाल. उद्या पोळा हाय."